‘निर्वात’वाले राजेशम सर

“मॅडम, ह्यो माणूस शिव्या द्यायलाय का कौतुक करायलाय, तेवढंच सांगा की.”

सकाळी स्टाफरूममध्ये मी पर्स टेबलावर ठेवते न ठेवते तोच राजेशम सर समोर कागद घेऊन हजर. कागदावर परदेशातल्या कुणीतरी त्याच्या गेमबद्दल लिहिलेल्या चार ओळी असायच्या. त्याला इंग्रजी येत नव्हतं असं नाही. आमच्या कॉलेजच्या कॉम्प्युटर विभागात तो दहा वर्षं इंग्रजीतूनच शिकवत होता. पण इंग्रजीतला टोमणा त्याला कळायचा नाही. कुणी जरा गोड सुरुवात केली की सगळंच गोड आहे असं धरून तो दिवसभर खूश, आणि घरी गेल्यावर शंका. म्हणून दुसऱ्या दिवशी कागद माझ्याकडे. मी इंग्रजी शिकवते, आणि टोमणे ओळखण्यात मॅडमचा हात कुणी धरणार नाही असं कॉलेजात माझ्यामागे बोललं जातं. ते खरं आहे.

वयाने तो माझ्यापेक्षा बारा वर्षांनी लहान, म्हणून लिहिताना ‘तो’ म्हणते. तोंडावर कायम ‘सर’च म्हटलं. बुटका, खांदे पुढे आलेले, खिशाला तीन पेनं, आणि बोलताना डावा हात कायम हवेत, बोटं आवळलेली. कॉम्प्युटरवर गेम खेळताना जॉयस्टिकचा दांडा धरतात तशी ती मूठ. मिटिंगमध्ये प्राचार्य बोलत असले तरी ती मूठ टेबलाखाली हलत असायची. सोलापूरच्या पूर्व भागातल्या विणकरांच्या तेलुगू घरातला. वडिलांचे दोन यंत्रमाग कधीच मोडीत निघाले होते, आणि मागांच्या त्या रिकाम्या खोलीत बसून त्याने सहा वर्षं एकट्याने एक गेम बनवला होता. अवकाशात लढाऊ यान चालवायचं, शत्रूची यानं पाडायची. नाव ‘निर्वात’.

मी कॉम्प्युटरवर पत्त्यांचा डाव सोडून काही खेळलेली नाही. मला तो गेम त्याने कॅरमवर समजावला. स्टाफरूममधला बोर्ड काढला, निम्मा डबा पावडर ओतली आणि एक सोंगटी टिचकीने उडवली.

“थांबली बघा. का थांबली? पावडर कमी पडली. वर अवकाशात सगळी पावडरच हाय मॅडम. एकदा ढकललं की ढकललं. थांबायचं असंल तर यानाचं तोंड मागं फिरवायचं आणि इंजिन मारायचं. मागं सरकत सरकत पुढच्याला गोळी घालायची. लई मजा येते.”

“आणि ब्रेक?”

“अवकाशात ब्रेक नसतोय ओ!” हे तो इतक्या वेळा म्हणायचा की शिपायापासून सगळे त्याला तेच वाक्य ऐकवायचे. परीक्षेचं काम वाढलं की, “काय सर, ब्रेक नसतोय न्हवं?” तोही हसायचा.

दुसरी त्याची हट्टाची गोष्ट म्हणजे आवाज. ‘निर्वात’मध्ये यानाच्या बाहेर आवाज नाही. समोरच्या यानाच्या चिंधड्या उडतात, पण मुकाट. हवाच नाही तर आवाज येणार कुठून, असं त्याचं म्हणणं. मी एकदा त्याच्या घरी गेले तेव्हा त्याचे वडील गेम खेळत बसले होते. चाळीस वर्षं मागांच्या खडखडाटात उभं राहून त्यांचे कान पार गेलेले. त्यांना सगळे नायना म्हणायचे, तेलुगूत नायना म्हणजे वडील. गेम पहिल्यांदा खेळून झाल्यावर नायनांनी मुलाला विचारलं होतं, ह्यात कुणालाच काही ऐकू येत नाही ना? नाही म्हटल्यावर म्हातारा म्हणाला, मग मी कुणापेक्षा कमी नाही. हे मला राजेशमनेच सांगितलं. त्याची बायको अरुणा चहा घेऊन आली आणि कोरडेपणाने म्हणाली, “सहा वर्षं मी ह्यांची पाठच बघायले, मॅडम. तोंड कसं हाय ते विसरले.”

गेम एका मोठ्या ऑनलाइन दुकानात विकायला लागला, आणि तिथून पुढची कथा म्हणजे लोक काय म्हणाले त्याची कथा. राजेशमने दोन फायली केल्या. हिरवी समीक्षकांची, लाल खेळाडूंची. प्रत्येक मत तो छापून, भोकं पाडून लावायचा. हिरवी फाईल बारीक, पण वजनदार होती. पोलंडमधल्या एका समीक्षकाने चार पानं लिहिली होती. त्यातलं एक वाक्य राजेशमला पाठ होतं: ‘पहिल्या तासात मी सतरा वेळा मेलो, आणि अठराव्या वेळी कळलं की मी आयुष्यात पहिल्यांदाच उडतोय.’ ते आलं त्या दिवशी त्याने स्टाफरूममध्ये सगळ्यांना कडक भाकरी आणि शेंगाचटणी खाऊ घातली, आणि ते वाक्य इतक्यांदा म्हणून दाखवलं की गणिताच्या सरांनी हात जोडले.

लाल फाईल मात्र फुगत चालली होती. यान साबणासारखं घसरतं. ब्रेक कुठाय? आवाज येत नाही, गेम बिघडलेला आहे. अर्धा तास खेळून लोक गेम परत करायचे. समीक्षक दहा तास बसून खेळायचे, त्यांना कळायचं. खेळाडू दमूनभागून आलेला, त्याला दहा मिनिटांत शत्रू पाडायचा असायचा. मी एकदा म्हटलं, “सर, लोकांचं काही चुकत नाही.” त्याने दोन दिवस मला कागद दाखवला नाही.

प्रत्येक शिवीला तो उत्तर लिहायचा. ‘आदरणीय महोदय, आपणास झालेल्या त्रासाबद्दल क्षमस्व. कधी सोलापूरला आलात तर घरी या, मी शेजारी बसून शिकवीन.’ कॅनडातल्या एकाने फारच वाईट लिहिलं होतं. थंडीत हात गारठतात आणि वर हा गेम, असं काहीतरी. राजेशमने त्याला पत्ता विचारून चक्क सोलापुरी चादर पाठवली. महिन्याने त्या माणसाने आपल्या मताखाली एक ओळ वाढवली: ‘चादर उत्तम आहे. गेमबद्दल माझं मत कायम आहे.’ राजेशमने ती ओळसुद्धा छापली. “कुठल्या फायलीत लावू मॅडम?” त्याला खरोखर प्रश्न पडला होता.

त्या दुकानात प्रत्येक गेमच्या नावाखाली एक ओळ असते. शंभरातल्या सत्तर लोकांनी चांगलं म्हटलं की ती निळी होते, आणि कमी असले की तपकिरी: ‘मिश्र प्रतिसाद’. तपकिरी ओळ दिसली की नवा माणूस पुढे सरकतो, थांबत नाही. ‘निर्वात’ची ओळ पहिल्या आठवड्यापासून तपकिरी. तो रोज सकाळी ताप मोजल्यासारखा आकडा सांगायचा. “आज चौसष्ट.” “आज सहासष्ट, मॅडम!” “पुन्हा चौसष्ट.”

आणि त्या ओळीवर आता त्याचं सगळं टांगलेलं होतं. अरुणाच्या भावाने हैदराबादला नोकरी बघून ठेवली होती. घरात ठरलं होतं की दिवाळीपर्यंत ओळ निळी झाली तर राहायचं, राजेशमने गेमचा पुढचा भाग करायचा, अरुणा पुन्हा तक्रार करणार नाही. नाही झाली तर गेम बंद, सोलापूर बंद. तिचं काही चुकत नव्हतं. त्याने मला हे सांगितलं तेव्हा श्रावण होता.

त्यानंतर माणूस बघवेना. डबा उघडायचा आणि तसाच बंद करायचा. शिकवताना मधेच मोबाईल बघायचा. एकदा हार मानून त्याने गेममध्ये स्फोटांचा आवाज घातला. लाल फाईलवाले काही फिरकले नाहीत, आणि ज्यांना गेम आवडत होता ते मात्र चिडले. आकडा साठवर आला. आठवड्याने त्याने आवाज काढून टाकला. “मला आता कळंना झालंय मॅडम,” तो म्हणाला, “मी कुणासाठी केलं हे.” त्याचे डोळे लाल होते. मला त्याची दया आली, आणि दयेच्या भरात मी जे केलं ते सांगायलाच हे लिहायला घेतलं आहे.

अरुणाच्या माहेरचं बारसं होतं मैंदर्गीला. राजेशम दोन दिवस रजेवर गेला. कॉलेजातल्या सगळ्या मुलांना त्याने गेम फुकट दिलेला होता; निम्म्यांनी तो उघडूनही बघितला नव्हता. माझा तास लॅबमध्ये होता. मी म्हटलं, “सरांचा गेम तुमच्याकडे आहे ना? मग चांगलं मत लिहायला काय होतं तुम्हाला?”

एक मुलगी उठली. “लिहितो की मॅडम. पण काय लिहायचं? तुमी सांगा की.”

आमच्याकडे असंच असतं. निबंध असो, रजेचा अर्ज असो, आम्ही फळ्यावर नमुना लिहून देतो आणि मुलं उतरवून घेतात. वीस वर्षं मी तेच करत आले आणि त्यालाच शिकवणं म्हणत आले. मी वळले आणि फळ्यावर पाच नमुने लिहिले. छान लिहिले. ‘या खेळाने माझी एकाग्रता वाढली.’ ‘यानाचे उड्डाण अत्यंत वास्तववादी आहे.’ एक नमुना मोकळा ठेवला, मुलांनी थोडं डोकं चालवावं म्हणून: ‘हा खेळ मला (येथे आपल्या मनाने शब्द भरा) वाटतो.’ दोन दिवसांत तीन तुकड्यांकडून मी ते लिहून घेतलं. मला स्वतःचा फार अभिमान वाटला.

राजेशम परत आला तो धावतच. हातात जिलबीचा पुडा. “निळं झालं मॅडम! निळं झालं!” त्याला दम लागला होता. “कळायलंय लोकांना. उशिरानं का हुईना, कळायलंय.” तो रडत होता आणि ते लपवतही नव्हता. तेव्हाच सांगायला हवं होतं. मी जिलबी खाल्ली.

तिसऱ्या दिवशी दुपारी तो छापलेले कागद घेऊन आला. फायलीत लावण्यासाठी त्याने सगळी नवी मतं काढली होती. माझ्यासमोर बसून तो एकेक वाचायला लागला. एकाग्रता वाढली. एकाग्रता वाढली. वास्तववादी. एकाग्रता वाढली. मग त्याचं बोट थांबलं. “हा खेळ मला येथे आपल्या मनाने शब्द भरा वाटतो,” त्याने हळू वाचलं. अशी अकरा मतं होती. प्रश्नपत्रिका काढताना तो माझ्या शेजारी बसायचा; माझी वाक्यं त्याला ओळखू यायची. त्याने माझ्याकडे बघितलं. मी खिडकीकडे बघितलं. त्याने कागद गोळा केले आणि काही न विचारता निघून गेला.

दुकानवाल्यांनाही कळायला वेळ लागला नाही. एका गावातून, एकाच इमारतीतून, दोन दिवसांत शे-दीडशे मतं आणि वाक्यं तीच पाच. त्यांनी ती सगळी काढून टाकली आणि गेमच्या पानावर मोठ्या अक्षरात इशारा लावला. खेळाडूंना तर चघळायला विषय मिळाला. कुठल्याही गेमचं कुणी खोटं कौतुक केलं की ते खाली लिहायचे, ‘सोलापूर’. आमच्या गावाचं नाव त्यांनी खोटेपणाला देऊन टाकलं. आणि पोलंडच्या त्या समीक्षकाने आपल्या चार पानांच्या वर दोन ओळी वाढवल्या. राजेशम तो कागद घेऊन आला.

“ह्यात टोमणा हाय का, मॅडम?”

मी वाचलं. ‘खेळाबद्दल माझं मत तेच आहे. तो बनवणाऱ्याबद्दल मात्र राहिलेलं नाही.’

“नाही सर,” मी म्हटलं. “सरळ लिहिलंय.”

दुकानाचं पत्र आलं. दहा दिवसांत खुलासा करा. बनवणाऱ्याला न कळवता दुसऱ्या कुणी हे केलं असेल तर त्या व्यक्तीचा सहीचा जबाब पाठवा, पान पुन्हा पहिल्यासारखं होईल. नाहीतर गेम कायमचा काढला जाईल. राजेशमने ते पत्र माझ्या टेबलावर ठेवलं आणि तासाला गेला. मी ते चार वेळा वाचलं. त्यात माझ्यासाठी जागा रिकामी ठेवलेली होती, नाव भरायचं तेवढं.

माझं नाव तेव्हा उपप्राचार्यपदासाठी वर गेलेलं होतं. वर्गात मुलांना खोटं लिहायला सांगितलं, असं माझ्या सहीने लिहून द्यायचं म्हणजे ते पद तर गेलंच, वर चौकशी. मी स्वतःला सांगत होते, उद्या देऊ. दुसऱ्या दिवशी पुन्हा उद्या. तो रोज सकाळी यायचा, रिकाम्या हाताने. डावा हात आता खाली असायचा. “ऊन लई वाढलंय नव्हं, मॅडम?” असं काहीतरी बोलायचा, दोन मिनिटं थांबायचा आणि जायचा. तो कशासाठी थांबतो ते मला कळत होतं. आठ दिवस मी उन्हाबद्दल बोलले.

नवव्या दिवशी त्याच्या हातात पुन्हा कागद होता. त्याने स्वतः लिहिलेलं उत्तर. माझ्या कॉलेजात घडलं, माझ्या विद्यार्थ्यांनी केलं, जबाबदारी माझी एकट्याची, दुसऱ्या कुणाचं नाव द्यायचं नाही.

“इंग्रजी तेवढं बघून द्या, मॅडम. वाचणाऱ्याला हसू यायला नको.”

“सर, अजून एक दिवस आहे.”

“असू द्या की. तुमचं नाव वर गेलंय म्हणं. हुऊन जाऊ दे.”

मी लाल पेन उघडलं. दोन चुका दुरुस्त केल्या, एक स्वल्पविराम घातला आणि कागद त्याला परत दिला. आयुष्यात मी हजारो कागद तपासले असतील. तो एकच डोळ्यांपुढून जात नाही.

चार दिवसांनी ‘निर्वात’चं पान गेलं. नाव टाकून शोधलं तर काहीच यायचं नाही, असं काही कधी नव्हतंच जणू. त्या दिवशी त्याने आपले तीनही तास घेतले. दिवाळीच्या सुट्टीआधी राजीनामा दिला. निरोप समारंभ नको म्हणाला. त्याच आठवड्यात मी उपप्राचार्य झाले. लोकांनी हार घातले, मी ते घालून घेतले.

ज्या दिवशी तो जाणार होता त्या पहाटे मी उठून बसले आणि एका दमात लिहून काढलं. दुकानवाल्यांच्या नावाने, साध्या कागदावर, कुठलाही नमुना न बघता. मी काय केलं, कुठल्या वर्गात केलं, का केलं, आणि नंतर नऊ दिवस का गप्प बसले. खाली नाव, पद, सही. आणि रिक्षाने एसटी स्टँड गाठला.

हैदराबादची गाडी लागली होती. राजेशम खिडकीशी होता, शेजारी नायना, मागच्या सीटवर अरुणा. तिने मला बघितलं आणि मान फिरवली. मी खिडकीतून कागद आत दिला. त्याने खिशातून चष्मा काढला आणि वाचायला लागला. वरून खालपर्यंत, एकही ओळ न सोडता, प्रत्येक मत वाचायचा तसंच. कंडक्टरने घंटी मारली तरी तो वाचत होता. मग वर बघून म्हणाला, “चांगलं लिहिलाव, मॅडम. खरं वाटतंय. पन आता पाठवायचं कुटं?”

गाडी सुरू झाली होती. नायनांनी मुलाचा दंड हलवला आणि तेलुगूत विचारलं, काय आहे त्या कागदात? ऐकू न येणारी माणसं मोठ्याने विचारतात तसंच, सगळ्या गाडीला ऐकू जाईल असं. राजेशमने त्यांच्या कानाशी तोंड नेलं आणि ओरडून सांगितलं, “आट चाला बागुंदनि राशारु, नायना! मॅडम राशारु!”

पंचवीस वर्षं सोलापुरात राहून एवढं तेलुगू मला कळतं. गेम फार चांगला आहे असं लिहिलंय, मॅडमनी लिहिलंय. म्हाताऱ्याचा चेहरा उजळला. चालत्या गाडीच्या खिडकीतून ते वाकले, मला शोधलं आणि दोन्ही हात जोडले.